हडपसर ते लक्ष्मी रस्ता: मुलाला घरी मराठी वाचायला कसं शिकवावं

माझा थोरला साडेचार वर्षांचा होता, तेव्हा घरी पाहुणे आले की एक कार्यक्रम ठरलेला असायचा. चहा होईपर्यंत त्याला पुढ्यात उभं करायचं आणि तो 'क, का, कि, की'पासून जो सुटायचा तो मध्ये कुठेही न थांबता पार शेवटाला जायचा. पाहुणे माना डोलवायचे, माझी आई त्याच्यावरून बोटं मोडायची. मीही मनात म्हणायचो, चला, एक काम मार्गी लागलं.

मग एका रविवारी मी पाटीवर 'गवत' असं लिहून त्याच्यापुढे धरलं. तो म्हणाला, "ग गणपतीचा, व वजनाचा, त तलवारीचा." म्हटलं, "बरोबर. मग काय झालं?" त्याने जरा विचार केला आणि म्हणाला, "गणपतीच्या हातात तलवार."

उत्तर म्हणून वाईट नव्हतं. पण वर्षभर घोकून घेतलेली बाराखडी त्याला तीन अक्षरांचा शब्द वाचायला उपयोगी पडली नाही, हे त्या दिवशी कळलं. त्याला वाचता यायला पुढे फार वेळ लागला आणि त्या काळात घरात आरडाओरडाही बराच झाला. धाकटीच्या वेळी मी जवळजवळ सगळं उलट्या क्रमाने केलं आणि नऊ-दहा महिन्यांत ती साधं पुस्तक आपलं आपण वाचू लागली. मी शिक्षक नाही, नोकरी करणारा बाप आहे. खाली लिहिलंय ते दोन मुलांवर करून पाहिलेलं आहे, एकावर चुकीचं आणि दुसरीवर बऱ्यापैकी बरोबर.

घरी मराठी बोललं जातं, शाळा बहुधा इंग्रजी माध्यमाची आहे आणि मूल साडेचार ते सात वर्षांचं आहे, असं धरून हे लिहितोय.

काय काय लागेल

- पाटी आणि खडू. वही नको, निदान सुरुवातीला नको. पाटीवरची चूक पुसता येते, वहीतली आजी-आजोबांना दाखवली जाते.
- जुन्या लग्नपत्रिका. मागची कोरी बाजू कापून पत्त्यांएवढी कार्डं करायची. जाड कागद, फुकट, आणि पुण्यात एका लग्नसराईत वर्षभराचा साठा होतो.
- काळं जाड स्केचपेन. मुळाक्षर काळ्यात आणि मात्रा लाल रंगात काढायची असेल तर एक लालही.
- ताटात पसरलेला रवा, बोटाने अक्षर गिरवायला. (नंतर चाळून उपमा होतो.)
- चित्रांची आठ-दहा मराठी पुस्तकं. कुठून आणायची ते पुढे सांगतो.
- रोजची दहा मिनिटं. पंधरा नव्हे, अर्धा तास तर नाहीच.

भिंतीवरचा मुळाक्षरांचा तक्ता आणायचा तर आणा, पण त्यावरून शिकवू नका. त्यात 'ङ' आणि 'ञ'पुढे चित्रच नसतं, कारण त्या अक्षरांनी सुरू होणारा शब्द मराठीत नाही. मूल नेमकं तिथेच बोट ठेवून विचारतं.

१. आधी कान, मग डोळे

अक्षर दाखवण्याआधी मुलाला हे कळायला हवं की शब्द तुकड्यांचा बनलेला असतो. मोठ्यांना हे इतकं सवयीचं असतं की ते शिकवावं लागतं हेच सुचत नाही. हा सगळा खेळ तोंडी आहे, बसच्या रांगेत किंवा भाजी निवडताना होतो.

पहिला खेळ टाळ्यांचा. 'बटाटा' म्हणताना तीन टाळ्या, 'पाव'ला किती? दुसरा पहिल्या आवाजाचा: 'म'ने सुरू होणारं काय काय? मामा, मांजर, मंडई. तिसरा शब्दांच्या भेंड्यांचा, शेवटच्या अक्षरावरून पुढचा शब्द. चौथा सगळ्यांत अवघड, पण खरा कस त्याचाच. "'सारस'मधला 'सा' पळून गेला. उरलं काय?" धाकटीने पहिल्या दिवशी 'बाग' असं सांगितलं, कारण तिच्या मते सारसच्या पुढे बागच असते. आठवड्याने ती 'रस' म्हणाली आणि मग घरातल्या प्रत्येक शब्दाचं डोकं उडवत सुटली.

हा चौथा खेळ जमला की मूल तयार आहे. जमत नसेल तर थांबा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही पहिलीचं वय सहा वर्षांचं धरलंय. सोसायटीतलं दुसरं कुणी चौथ्या वर्षी वर्तमानपत्र वाचत असेल, तर त्याला वाचू द्या.

२. रोज वाचून दाखवा

एवढं एकच केलंत आणि बाकी काही केलं नाहीत, तरी चालेल. मांडीवर घेऊन, ओळीखालून बोट फिरवत, सावकाश. तेच पुस्तक चाळीस वेळा मागितलं तर चाळीस वेळा वाचा. पाठ झालेलं पुस्तक मूल 'वाचल्याचं' सोंग करतं, तेव्हा "तू कुठे वाचतोयस, तुला पाठ आहे" असं चुकूनही म्हणू नका. मी थोरल्याला म्हटलं होतं. त्यानंतर महिनाभर त्याने पुस्तकाला हात लावला नाही.

३. सहा अक्षरं, छत्तीस नव्हेत

थोरल्याच्या वेळी मी क, ख, ग, घ या क्रमाने गेलो. तो क्रम उच्चाराच्या शास्त्राप्रमाणे लावलेला आहे, कंठ, टाळू, दात, ओठ असा. फार सुंदर आहे, पण तो व्याकरण शिकणाऱ्याच्या कामाचा. 'क ख ग घ' या चार अक्षरांतून मुलाच्या ओळखीचे किती शब्द होतात ते तुम्हीच मोजून बघा.

त्याऐवजी ही सहा घ्या: न, ळ, क, म, र, ग. दिसायला एकमेकांपासून वेगळी आहेत आणि एकही मात्रा न शिकता त्यांतून नळ, गळ, कर, मगर, नगर, गरम, नरम, कमळ, गरगर इतके शब्द तयार होतात. म्हणजे दुसऱ्याच दिवशी मूल काहीतरी *वाचतं*.

आम्ही असं केलं. पहिल्या दिवशी 'न' आणि 'ळ' ही दोनच कार्डं. नावं सांगायची ती फक्त 'न' आणि 'ळ'. नळाचा न, बाळाचा ळ ही शेपूट लावायची नाही. गणपतीच्या हातात तलवार त्या शेपटीमुळेच येते. आईला हे पटवणं सगळ्यांत जड गेलं. शेवटी तह झाला: चित्र दाखवताना 'गणपतीचा ग' चालेल, वाचताना नुसता 'ग'.

मग दोन कार्डं शेजारी ठेवली. "न... ळ." धाकटी म्हणाली, "न. ळ." पुन्हा, "न. ळ." इथेच खरी अडचण असते. प्रत्येक अक्षर सुटं म्हटलं तर ते कितीही वेळा म्हटलं तरी शब्द होत नाही. मी दोन्ही कार्डं ओट्यावर लांब ठेवली आणि पहिलं कार्ड दुसऱ्याकडे सरकवता सरकवता आवाज ताणला: "नऽऽऽ" आणि कार्डाला कार्ड टेकलं की "ळ." तिसऱ्या वेळी तिने स्वतः कार्ड सरकवलं. "नऽऽळ. नळ!" आणि सिंककडे बघितलं. ते कार्ड आम्ही नळालाच चिकटवलं. दोन दिवसांत भिजून गेलं, पण काम झालं होतं.

एक बारीक गोष्ट. आपण 'नळ' लिहितो, पण शेवटचा 'ळ' पूर्ण उच्चारत नाही, अर्ध्यावर सोडतो. 'कमळ'चंही तसंच. मूल सुरुवातीला प्रत्येक अक्षर पूर्ण दाबून म्हणतं, त्यामुळे वाचलेला शब्द ओळखीचा वाटत नाही. यावर नियम सांगून उपयोग नाही. "आता हाच शब्द आपण बोलतो तसा म्हण" एवढं म्हणायचं. 'हडपसर'सारखा लांब शब्द आला की 'ह-ड-प-स-र' असं पाच तुकड्यांत म्हणून झालं की "रिक्षावाले काका कसं म्हणतात?" असं विचारायचं.

सहा अक्षरं पक्की झाली की दर आठवड्याला तीन-चार नवी. पण दिसायला सारखी असलेली एकाच आठवड्यात आणू नका: घ आणि ध, म आणि भ, व आणि ब, प आणि ष, ड आणि इ. 'ख' तर बऱ्याच मुलांना 'र' आणि 'व' शेजारी शेजारी वाटतो. धाकटीने 'खण' 'रवण' असा वाचला होता. यात तिची चूक नाही, नीट बघितलं तर तसंच दिसतं.

आणि लिहायला लावू नका. वाचन डोळ्यांचं आणि कानांचं काम, लेखन बोटांचं. पाच वर्षांच्या बोटांत तेवढी ताकद नसते. 'र' काढता येत नाही म्हणून 'रस' वाचायचा थांबवायचा, हे मी थोरल्याच्या बाबतीत केलंय. रव्यात बोट फिरवणं पुरे.

४. काना लगेच, बाकीचं एकेक करून

सगळी मुळाक्षरं संपल्याशिवाय काना शिकवायचा नाही, असा आपल्याकडे उगीच एक समज आहे. पहिल्या दहा-बारा अक्षरांनंतर लगेच काना आणा. कान, नाक, काका, मामा, बाबा, पाव, ताक: मुलाचं अर्धं जग कान्यातच आहे. स्वतःच्या बाबाला वाचता येणं ही पाच वर्षांच्या माणसासाठी लहान गोष्ट नाही.

पुढचा क्रम मी असा ठेवला: काना, दुसरी वेलांटी, मात्रा, काना-मात्रा, उकार, पहिली वेलांटी, अनुस्वार. दोन मात्रांचे ऐ-औ सगळ्यांत शेवटी.

दुसरी वेलांटी पहिलीच्या आधी का? मराठीत शब्दाच्या शेवटी येणारी वेलांटी बहुतेक दीर्घच असते: पाणी, वाटी, पोळी, आजी. मुलाच्या रोजच्या शब्दांत तीच जास्त. आणि दुसरं म्हणजे ती अक्षराच्या नंतर येते, वाचायच्या क्रमाने. पहिली वेलांटी येते अक्षराच्या आधी आणि वाचायची मात्र नंतर. दुसरी वेलांटी शिकलेलं मूल 'शनिवार'मधली वेलांटी मागच्या 'श'ला जोडतं आणि 'शिनवार' वाचतं. यावर उपाय साधा आहे. पहिले काही दिवस पेन्सिलीने वेलांटी आणि पुढचं अक्षर मिळून एक गोल काढायचा. "ही पुढच्याच्या डोक्यावर पदर धरते" असं आमची आई म्हणाली, आणि धाकटीला माझ्या गोलापेक्षा तो पदरच लक्षात राहिला.

अनुस्वाराचा एक सापळा आहे, तो मला कुणी सांगितला नव्हता. 'आंबा', 'अंडं' शिकवताना आपण सांगतो की टिंब म्हणजे म् किंवा न्. मग मूल गोष्टीच्या पुस्तकात 'केलं', 'झालं' बघतं आणि ठामपणे 'केलम्', 'झालम्' वाचतं. शब्दाच्या शेवटचं टिंब नाकात न्यायचं नाही, नुसतं लांबवायचं, हे वेगळं सांगावं लागतं. बोली भाषेतलं पुस्तक हातात येण्याआधी सांगितलेलं बरं.

च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चाक' आणि 'चिमणी' म्हणून बघा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला हे आपोआप जमतं, शिकवायला जाऊ नका. दिवसभर हिंदी कार्टून ऐकणारं मूल मात्र 'चाक' हिंदी वळणाने वाचेल. त्याच्यापुढे तो शब्द दोन-तीनदा बोलून दाखवला की पुरतं.

५. ल आणि श यांचा घोळ

हे स्वतंत्र लिहितोय कारण यात आमचे चार दिवस फुकट गेले. धाकटी पुस्तकातला 'ल' बरोबर ओळखायची आणि माझ्या फोनवर तोच 'ल' आला की गप्प. मी वैतागलो. मग चष्मा लावून बघितलं तर ती दोन अक्षरं खरोखरच वेगळी होती.

मराठी छपाईतला 'ल' दोन पाकळ्यांचा असतो आणि 'श'ला खाली देठ असतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हीच रूपं मराठीसाठी प्रमाण धरली आहेत. फोनवरचे आणि संगणकावरचे बरेच फाँट मात्र हिंदी वळणाचे असतात. त्यामुळे फोनवरून काही छापून घेऊन त्याची कार्डं करणार असाल तर ही दोन अक्षरं आधी बघून घ्या, किंवा सरळ हाताने लिहा. पुढे दोन्ही रूपं दाखवायचीच आहेत, "एकाच ताईचे दोन फ्रॉक" म्हणून. पण पहिल्याच आठवड्यात नको.

त्याच निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत आले, म्हणून हल्ली शाळेच्या पुस्तकात बाराखडीऐवजी 'चौदाखडी' दिसते. बॅट, बॉल, कॅरम, डॉक्टर वाचायचं तर ती लागतेच.

६. जोडाक्षरं: घाबरायचं नाही, घाईही नाही

काना-मात्रा सहज वाचता यायला लागल्याशिवाय इकडे येऊ नका. आल्यावर सोपी आधी: दांडा मोडून होणारी. 'स्वारगेट'मधला स, 'रस्ता'मधलाही स, 'म्हैस'मधला म. "अर्धा स पुढच्याला टेकून उभा आहे" एवढं पुरतं.

मग 'र'ची भानगड. 'र' हे एकच अक्षर आहे जे चार सोंगं घेतं: कात्रजमध्ये पोटात तिरकी रेघ, ट्रकमध्ये खाली छत्री, कर्वेमध्ये डोक्यावर रफार आणि 'दुसऱ्या'मध्ये कोयत्यासारखा. एका आठवड्यात एकच सोंग घ्या. रफाराचा घोटाळा पहिल्या वेलांटीच्या उलट आहे: दिसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, वाचायचा त्याच्या आधी. 'पर्वती'ला धाकटी बरेच दिवस 'पवर्ती' म्हणायची. मी दुरुस्त केलं नाही. पर्वतीच्या पायऱ्या चढताना तिनेच एकदा पाटी वाचली, थांबली आणि म्हणाली, "अरेच्चा."

उकाराचंही एक राहिलं. 'रू'चा उकार खाली न लटकता कुशीत शिरतो. 'कोथरूड' वाचताना मूल अडखळेल तेव्हा कारण हे असतं.

७. शहर वाचायला काढा

माझ्या मते घरी शिकवण्याचा सगळ्यांत मोठा फायदा हा आहे. वर्गातलं मूल वर्गातच बसतं. तुमचं मूल तुमच्या स्कूटरवर पुढे उभं असतं आणि समोर सगळं शहर लिहिलेलं असतं. दुकानांच्या पाट्या मराठीत, देवनागरीत हव्यात, असा कायदा राज्यात आहेच. २०२२ च्या दुरुस्तीनंतर तो लहान दुकानांनाही लागू झाला. पाट्यांच्या राजकारणाशी आपल्याला कर्तव्य नाही, आपल्याला फुकटची कार्डं मिळाली.

मी गावांची आणि पेठांची नावं अवघडपणाप्रमाणे लावून ठेवली होती. तुम्हीही वापरा:

- मात्राच नाही: हडपसर, नगर, नळ ('नळ स्टॉप' चौकातला, 'स्टॉप' नंतर)
- नुसता काना: वाकड, वनाज, कसबा, सातारा, वडगाव, सारसबाग, खडकवासला
- वेलांट्या: खडकी, खराडी, धायरी, मग निगडी, शनिवार
- मात्रा आणि काना-मात्रा: बाणेर, वारजे, येरवडा, लोहगाव, दापोडी
- उकार: पुणे, बुधवार, कोथरूड
- अनुस्वार: मंडई, कोंढवा, चिंचवड, औंध
- जोडाक्षरं: स्वारगेट, कात्रज, पर्वती, कर्वे, विश्रांतवाडी
- शेवटचा गड: लक्ष्मी

'खडकवासला' ही माझी लाडकी. सहा अक्षरं, फक्त दोन काने. धरणाकडे जाताना पाटीवर ते एका दमात वाचल्यावर पोरगी इतकी फुगली की भजी खाताना शेजारच्या टेबलालाही वाचून दाखवलं.

मेट्रो यासाठी उत्तम आहे. स्थानकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, गाडी थांबते तेवढा वेळ मिळतो आणि मराठीत घोषणाही होते. म्हणजे उत्तर तपासायला बाप लागत नाही. वनाजहून बसायचं आणि घोषणा होण्याआधी कोण वाचतं अशी पैज लावायची. पीएमपीच्या बसवर मार्गाचे आकडे मराठीत असतात तेव्हा तेही घ्या. इंग्रजी शाळेतल्या मुलांचे मराठी आकडे फार कच्चे असतात.

आणि आपल्या पुण्याच्या पाट्या! 'दुपारी १ ते ४ बंद' हे धाकटीने वाचलेलं पहिलं अख्खं वाक्य. त्यानंतर "का बंद?" या प्रश्नाचं उत्तर देताना मी जेवढा अडकलो तेवढा बाराखडीत अडकलो नव्हतो.

एकच पथ्य. बाहेर पडल्यावर प्रत्येक पाटीची परीक्षा घेऊ नका. फेरीमागे दोन-तीन पुरेत, आणि मूल "नको" म्हणालं की विषय संपला.

८. पुस्तकं कुठून

विकत घ्यायची तर अप्पा बळवंत चौक आहेच. पण शाळा सुरू होण्याच्या सुमारास जून महिन्यात लहान मुलाला घेऊन जाऊ नका, गर्दीत त्याला फक्त लोकांचे गुडघे दिसतात. डिसेंबरात फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव भरतो, २०२३ पासून. तिथे मुलाला स्वतः पुस्तक हाताळून निवडू द्या.

फुकटात: बालभारतीची पाठ्यपुस्तकं ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर उतरवून घेता येतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठीत भरपूर चित्रगोष्टी आहेत आणि त्या १ ते ४ अशा पातळ्यांत लावलेल्या आहेत. पहिल्या पातळीत पानाला एखाददुसरं वाक्य असतं. छापून, मधोमध पिन मारून घरचं पुस्तक करा. फोनवर वाचायला दिलं तर पाच मिनिटांत दुसरंच काही तरी सुरू होतं.

ग्रंथालय लावा. पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ पासून आहे, शिवाय नारायण पेठेत पुणे मराठी ग्रंथालय आहे आणि जवळपास प्रत्येक उपनगरात एखादं लहान वाचनालय सापडतं. बालविभाग आहे का, एका वेळी किती पुस्तकं मिळतात आणि अनामत किती, एवढं विचारून घ्या. पत्त्याचा पुरावा आणि एक-दोन फोटो बरोबर न्यावेत, बहुतेक ठिकाणी लागतात.

पुस्तक झेपेल का हे कसं ओळखायचं? मधलंच एक पान उघडून वाचायला द्या. पानावर चार-पाचपेक्षा जास्त ठिकाणी अडलं तर ते पुस्तक तुम्ही वाचून दाखवायचं, मुलाने वाचायचं नाही. 'संस्कारक्षम' असं वेष्टनावर लिहिलेलं पुस्तक मी शक्यतो घेत नाही. ही माझी खोड समजा.

९. शाळेतलं इंग्रजी आणि घरचं मराठी

"दोन्ही एकदम केलं तर गोंधळ होईल" हे मला नातेवाइकांपासून शाळेपर्यंत सगळ्यांनी ऐकवलं. आमच्याकडे तरी झाला नाही. वेळ वेगळी, कार्डांचा रंग वेगळा, एवढं सांभाळलं. उलट मराठीत जसं लिहिलं जवळपास तसंच वाचायचं असतं, त्यामुळे आवाज जोडून शब्द करायची युक्ती मुलाला मराठीत लवकर सापडते आणि मग तीच ते इंग्रजीला लावतं. महागडे फोनिक्सचे क्लास याच युक्तीचे पैसे घेतात.

फक्त एक करू नका: मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून वाचायला देऊ नका. व्हॉट्सॲपवर आपण कसंही लिहितो, ते आपल्याला चालतं.

१०. कधी थांबायचं, कधी दाखवायचं

मूल पुस्तक फार जवळ धरत असेल, डोळे बारीक करत असेल तर आधी डोळे तपासून घ्या. हाक मारली की दरवेळी "काय?" म्हणत असेल, सारख्या आवाजाची अक्षरं ऐकताना गफलत करत असेल तर कान. थोरल्याच्या बाबतीत माझा निम्मा आरडाओरडा चष्मा लागल्यावर आपोआप बंद झाला. शाळेतून फळ्यावरचं उतरवून आणत नाही म्हणून तक्रारी येत होत्या, पण डोळे तपासा असं कुणी सुचवलं नाही आणि मलाही सुचलं नाही.

अक्षरं उलटी वाचणं, 'कमळ'चं 'मकळ' करणं हे सुरुवातीला सगळीच मुलं करतात. पण पहिली-दुसरी होऊन गेली, नियमित सराव आहे, डोळे-कान ठीक आहेत, मूल बोलायला हुशार आहे आणि तरीही साधे शब्द जुळत नाहीत, असं असेल तर बालरोगतज्ज्ञांना विचारून वाचन-अक्षमतेची तपासणी करून घ्या. डिस्लेक्सिया म्हणतात तो हाच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात याचा समावेश आहे, त्यामुळे प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत सवलती मिळतात. 'आळशी' हा शब्द मात्र तपासणीच्या आधीही नको आणि नंतरही नको.

११. वाचायला लागल्यावर

प्रत्येक चूक पकडू नका. गोष्टच कळेनाशी होत असेल तरच थांबवा. 'आजीने पोळी केली'च्या जागी 'आजीने पोळी दिली' वाचलं तर जाऊ द्या, पुढे कथाच त्याला अडवेल. आठ वर्षांच्या पुढे बालभारतीचं 'किशोर' मासिक लावा. ते १९७१ पासून निघतंय आणि जुने अंकही संकेतस्थळावर वाचायला मिळतात. थोरला आता तिथेच पडीक असतो.

आणि तुम्ही वाचून दाखवणं बंद करू नका. "आता तुला येतं ना, तूच वाच" असं म्हटलं की वाचता येणं ही मुलाला शिक्षा वाटायला लागते. आमच्याकडे रात्री दोन पुस्तकं असतात. एक छोटं, ते धाकटी मला वाचून दाखवते. एक जाड, ते मी तिला. माझं वाचून होईपर्यंत ती झोपलेली असते, तेव्हा पानात खूण घालून ठेवावी लागते. दुसऱ्या दिवशी अर्धं पान गाळून पुढे गेलो तर हल्ली पकडला जातो.